पहिली बाजू कुठली

३ मार्च

दादा,

तीर्थरूप लिहिणार नाही. साष्टांग तर मुळीच नाही. बावीस वर्षांनी पत्र लिहितेय ते तुझी ख्यालीखुशाली विचारायला नाही. ती आईकडून दर रविवारी कळते. तुझा फोन आला की ती गॅलरीत जाऊन दार लावून घेते, आणि आत आली की "बरा आहे" एवढंच सांगते. मीही "बरं" म्हणते आणि कामाला लागते. आपलं असं छान चाललं होतं.

आज सकाळी कामावर माझ्या टेबलावर 'मागचा जिना' येऊन पडला. तुझी रॅपची रेकॉर्ड. खास आवृत्ती, नवे साचे, जाडजूड कव्हर, आत गुळगुळीत कागदाची पुस्तिका. तुला ठाऊक नसेल, मी पुन्हा रेकॉर्डच्या कारखान्यात आहे, चार वर्षं झाली. तो जुना नाही, तो केव्हाच बंद पडला. पण काम तेच. साचा तयार झाला की आधी पाच नमुना रेकॉर्ड काढतात, त्या मी बंद खोलीत बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकते, आणि माझी सही झाल्याशिवाय प्रेस पुढे सरकत नाही. इथे मला सगळे कानवाल्या ताई म्हणतात. मालकसुद्धा.

सुई ठेवायच्या आधी मी पुस्तिका उघडली, तिथेच चुकलं. तिसऱ्या पानावर तुझे शब्द, ठळक अक्षरात: "लोक विचारतात, हा अल्बम वडिलांच्या मायेने सुरू होऊन रागावर का संपतो? सगळे मला सांगत होते, आधी राग ठेव, शेवटी माफी ठेव. मी बाजू उलट्या केल्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात धाडसी निर्णय होता."

लिहिताना तुझा हात कसा धजला रे?

तू उलट्या केल्यास? तू? ती रेकॉर्ड पहिल्यांदा लोकांना ऐकवली त्या दिवशी मी तिथे होते, दादा. सायकल दुरुस्तीच्या दुकानाखालचं तळघर, भाड्याचे स्पीकर, ऐंशी-एक माणसं, आणि सगळ्यांत पुढे तुझा मित्र ढोल्या, ज्याने सगळे ताल बसवले होते. त्याने 'एक' आकडा असलेली बाजू लावली आणि बसचं गाणं सुरू झालं. बाबांची बस, बाबांचे विनोद, बाबा स्टॉपची नावं गाण्यासारखी म्हणायचे ते. लोक हसायला लागले. तुझा चेहरा पांढराफटक. तू हाताने रेकॉर्ड थांबवलीस आणि माझ्याकडे बोट दाखवून ओरडलास, "एकच काम होतं तुला! एक आणि दोन वाचता येत नाही?" ऐंशी माणसं माझ्याकडे वळून बघत होती. मी तेवीस वर्षांची होते आणि त्या दिवसासाठी खास नवा शर्ट घेतला होता.

तेवढ्यावरही तुझं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात येऊन, मालकाच्या केबिनचं दार उघडं ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "असली निष्काळजी माणसं ठेवता कशाला?" जेवणाच्या सुट्टीआधी मी डबा घेऊन फाटकाबाहेर होते. पुढे अकरा वर्षं कान तपासायच्या दवाखान्यात बसून म्हाताऱ्यांना सांगत होते, शिट्टी ऐकू आली की बोट वर करा.

आणि आता तो तुझा धाडसी निर्णय झाला. छान. स्वतःची पाठ थोपटताना हात दुखला नाही ना?

ते पान काढ. जे झालं ते लिही. तोवर मी सही करणार नाही.

तुझी
(होय, अजून तुझीच, इलाज नाही)
धाकटी


९ मार्च

दादा,

मी पत्र तुला लिहिलं, उत्तर तुझ्या व्यवस्थापकाचं आलं. टाइप केलेलं. "कलाकाराच्या आठवणींचा आपण आदर राखावा ही विनंती." कलाकार! ज्याला मी नाक पुसायला रुमाल दिलाय तो कलाकार. तुझ्या आठवणींचा आदर मी जरूर राखला असता, पण त्या तुझ्या नाहीत. दुसऱ्याची आठवण उचलून आपल्या खिशात घातली की त्याला काय म्हणतात ते त्या व्यवस्थापकाला विचार.

तो पुढे लिहितो, "लेबलांबाबत तेव्हा काही तांत्रिक गोंधळ झाला असल्यास त्याची नोंद आमच्याकडे नाही." नोंद कशी असणार? त्याला सांग, रेकॉर्डवर लेबल नंतर चिकटवत नाहीत. गरम प्लास्टिकचा गोळा, त्याच्या वर एक लेबल, खाली एक, आणि प्रेस दाबला की सगळं एकजीव होतं. एकदा दाबलं की ते कुणाच्या बापाला सुटत नाही. हजार रेकॉर्ड तशाच निघाल्या. तूच गाण्यांना नावं दिली नव्हतीस, कव्हरवर यादी छापली नव्हतीस. "माझं सलग ऐका" म्हणे. काळ्या लेबलावर फक्त एक आणि दोन. त्यामुळे उलटं झालंय हे बनवणाऱ्यांखेरीज कुणाला कळणारच नव्हतं, आणि कळलंही नाही. तू तळघरात आरडाओरडा केलास तेव्हा लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, तुझ्यावर कितीही चिडले असले तरी. रेकॉर्ड टिकली. इथे पॅकिंगच्या बाई आहेत, माझ्याच वयाच्या, चारचौघांत आवाज न करणाऱ्या. रॅप म्हटलं की नाक मुरडतील असं वाटावं. नमुना आलाय कळल्यावर हातमोजे काढून आल्या आणि म्हणाल्या, "ताई, दोन मिनिटं ऐकू द्या ना." त्यांच्याकडे पहिल्या हजारातली एक आहे. कव्हर फाटलं तेव्हा त्यांनी कापडाची पिशवी शिवली तिला. मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? म्हणाल्या, "पहिल्या बाजूला त्या माणसावर जीव जडतो. मग उलटी केली की कळतं आपण कुणावर हसत होतो. दर वेळी वाटतं, या खेपेला तरी तो मारणार नाही. मारतोच."

ऐकलंस? तुझ्या क्रमाने असती तर तिने पिशवी शिवली नसती. राग आधी, माफी नंतर, मग पाय ताणून झोप. तसल्या रेकॉर्ड पायलीच्या पन्नास मिळतात.

मालकांना सांगितलंय, नमुन्यात खरखर आहे, पुन्हा ऐकावा लागेल. या नोकरीत पहिल्यांदा खोटं बोलले. तेही तुझ्याच पायी.

व्यवस्थापकाकरवी लिहू नकोस. हात आहेत ना तुला?

धाकटी


१७ मार्च

दादा,

नवं पान मिळालं.

"खरं सांगायचं तर बाजू उलटल्या त्या माझ्या धाकट्या बहिणीच्या चुकीमुळे. ती तेव्हा कामात नवखी होती. तिला मी केव्हाच माफ केलं आहे. कधीकधी चुकाच कलेला घडवतात."

मी हे तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने. मालक म्हणाले, "झालं ना ताई तुमच्या मनासारखं? करा सही." मी म्हटलं, डोकं दुखतंय, आणि पाणी प्यायला निघून गेले.

माफ केलंस! अरे वा! मोठा आला माफ करणारा! कधी केलंस? बावीस वर्षांत आईच्या आजारपणात एकदा दवाखान्याच्या व्हरांड्यात समोरासमोर आलो, तेव्हा तू भिंतीवरचा रक्तदाबाचा तक्ता वाचत उभा राहिलास. ती माफी होती का? मला आपलं वाटलं, तुला खरंच रक्तदाब असेल.

आणि नवखी कोण? तीन वर्षं झाली होती मला तिथे. चारशेच्या वर रेकॉर्ड माझ्या कानाखालून गेल्या होत्या. पंख्याचं पातं वाकडं फिरलं तरी मी सांगायचे. दुसऱ्या खोलीत प्रेसचा दाब कमी झाला तर इथे बसून ओळखायचे. तू माझा भाऊ, तू रात्रंदिवस घोकलेली गाणी मला पाठ, आणि मला एक नंबरची बाजू कुठली आणि दोन नंबरची कुठली ते कळलं नसेल? तुला हे खरं वाटलं? बावीस वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही, की ही पोरगी अशी चूक कशी करेल?

लेबलाची चूक माझ्या हातून आयुष्यात झालेली नाही, दादा. तेव्हाही झाली नव्हती.

धाकटी


१८ मार्च

दादा,

काल पेटीत पत्र टाकलं आणि घरी येऊन जिना चढताना कळलं, मी काय लिहून बसले ते. आता अर्धं सांगून उपयोग नाही.

लेबलं बरोबर होती. पहिली रेकॉर्ड निघाली, मी ऐकली. एकवर जिन्याचं गाणं, दोनवर बसचं. तुला हवं होतं तसंच. मी उठून प्रेसवाल्या काकांकडे गेले आणि म्हटलं, "काका, लेबलं उलटी लागलीत, बदला." काकांनी माझ्याकडे पाहिलं. तेही रोज ऐकायचे, त्यांना कळलं असणार. "नक्की ना पोरी?" म्हणाले. मी म्हटलं, नक्की. त्यांनी वरची चळत खाली आणि खालची वर ठेवली. मग मी सही केली. काकांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. तू केबिनमध्ये ओरडत होतास तेव्हाही ते मान खाली घालून प्रेस पुसत होते.

का केलं? आईसाठी.

बाबांना जाऊन नऊ महिने झाले होते. आई तेव्हा लॉन्ड्रीच्या चादरी घरी आणून इस्त्री करायची, आठ-आठ तास. खिडकीजवळ तो प्लेअर. सुई ठेवायची आणि इस्त्रीला लागायची. बाजू संपली की सुई मधोमध टकटक करत राहायची, पण हातातली चादर सोडून आई रेकॉर्ड उलटायला काही उठायची नाही. आपल्या घरातल्या सगळ्या रेकॉर्ड आठव. पहिली बाजू झिजून करडी, दुसरी कोरी करकरीत. आपल्या घरात दुसरी बाजू कुणी ऐकलीच नाही.

आणि ती रोज विचारायची, "दादाची रेकॉर्ड कधी येणार गं? पहिली मला आण."

तू जिन्याच्या गाण्यात काय काय घातलं होतंस, दादा! पट्ट्याचं बक्कल. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आईने सोडून ठेवलेला नळ. सकाळी तिचं ते "काही नाही रे, पडले." आपण दोघं मागच्या जिन्यावर, तू तुझ्या हातांनी माझे कान गच्च झाकलेले. त्यामुळे मला खरं तर नळच आठवतो, बाकी सगळं मला तुझ्या गाण्यातून कळलं. तुझे स्वतःचे कान मात्र उघडे राहिले. त्यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानते. रागातच मानते, पण मानते.

हे गाणं आईने इस्त्री करताना, हातात गरम लोखंड असताना ऐकायचं? ज्या खोलीत झालं त्याच खोलीत? मला ते सोसवलं नसतं. दोन नंबरवर टाकलं की ती ऐकणार नाही, एवढाच माझा हिशेब. तिने बसचं गाणं ऐकावं, हसावं, मुलाचं कौतुक करावं. आणि तसंच झालं. कितीतरी वर्षं तिने ती बाजू लावली.

तू ओरडलास तेव्हा मी हे बोलले असते तर तू तळघरातूनच आईकडे गेला असतास, "ऐक, तुझ्या मुलीने काय केलं." म्हणून निष्काळजी झाले. निष्काळजीपणा स्वस्त पडला.

पण माफ केलंय म्हणू नकोस मला. मी चूक केली नव्हती. मी ठरवून केलं होतं.

धाकटी


२९ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, चार ओळी. अक्षर अजून तसंच, मुंग्या पळाल्यासारखं.

"म्हणजे तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. घरात काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही, हे बाबा म्हणायचे. आता माझ्या क्रमाने छाप. राग आधी. बावीस वर्षं मी बाबांना माफी न दिलेला मुलगा म्हणून फिरतोय."

पहिल्या वाक्याने जे लागायचं ते लागलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवले आणि मग राग आला.

हो, मी तुझं काम तुला न विचारता बदललं. ते तुझं होतं, माझा काही अधिकार नव्हता. हे मी आधीच कबूल करायला हवं होतं. पण तू मला बाबांच्या पंगतीला बसवतोस? मी कुणाला गप्प केलं नाही. हजार घरांत ते गाणं पोचलं. फक्त एका घरात पोचू नये असं बघितलं. आणि माफी न दिलेला म्हणून फिरतोस तर मिरवतोस कशाला? धाडसी निर्णय कुणी लिहिलं होतं? टाळ्या पडल्या तेव्हा क्रम तुझा, झोंबलं तेव्हा माझा. वा रे न्याय!

तुझ्या क्रमाने छापायचं तर लेबलं उलटी ठेवायला मला दोन मिनिटं लागतील. तुझा हक्क आहे, मी अडवणार नाही. पण सांगून ठेवते, पॅकिंगच्या बाई तुला शिव्या घालतील, आणि मी त्यांच्या बाजूने असेन.

मात्र एक अडचण आहे. तिसऱ्या पानावर काहीही छाप, आता आईला कळणारच. बाजू बदलली की लोक विचारतील, कुणीतरी घरी येईल, तिला प्रश्न विचारेल. तिने ते बाहेरच्या माणसाकडून ऐकावं असं मला वाटत नाही. येत्या सुट्टीत मी तिला सांगणार आहे. सगळं.

धाकटी


६ एप्रिल

दादा,

सांगितलं.

दुपारची वेळ होती. आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती, मी समोर स्टूल घेतलं. लेबलं, काका, तू, सगळं एका दमात सांगून टाकलं आणि शेवटी म्हटलं, "त्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला एक गाणं आहे, आई."

ती शेंग सोलतच म्हणाली, "जिन्याचं ना? ऐकलंय की."

"कधी?" मी विचारलं.

"तू आणलीस त्याच आठवड्यात. पोराने केलेली रेकॉर्ड, अर्धीच ऐकेन होय? इस्त्री बंद केली, खुर्ची ओढली आणि ऐकली."

"एकदाच?"

"मोजलं नाही."

"मग बोलली का नाहीस गं?"

"काय बोलायचं? त्याने कमीच सांगितलंय. तुम्ही जिन्यावर होतात. मी आत होते."

दादा, मी रोज ऐकण्याचं काम करते. ते वाक्य ऐकून मला उठून नळ सोडावासा वाटला. मग आठवलं, आई तो नळ कशासाठी सोडायची, आणि तशीच बसून राहिले.

मी म्हटलं, दादाला आता राग आधी हवाय, माफी शेवटी.

"नको," आई म्हणाली. "आहे तसंच राहू दे. तुझे बाबा आधी हसवायचे. दारातून येतानाच स्टॉपची नावं म्हणत यायचे, तुम्ही दोघं टाळ्या वाजवायचात, मीही हसायचे. पहिल्याच दिवशी हात उचलला असता तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला घेऊन निघून गेले असते मी. हसवलं, म्हणून राहिले. लोक विचारतात ना, का राहिलीस म्हणून? ती रेकॉर्ड ऐकली की कळतं. आणि माफीचं म्हणशील तर ती माझी आहे. त्याने परस्पर कशी देऊन टाकली?"

मला वाटलं, झालं, बोलून मोकळी झाली. कसलं काय! तिने मटारचं भांडं असं आपटलं की दाणे फ्रिजखाली गेले. आईला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, तूही नसशील. "आणि तुम्ही दोघं कोण गं एवढे मोठे? त्याने माझं जगणं मला न विचारता गाण्यात घातलं. तू ते मला न विचारता माझ्यापासून लपवलंस. मग माझ्यावरून बावीस वर्षं एकमेकांची तोंडं बघितली नाहीत. तो रविवारी बरा आहे सांगतो, तू बरं म्हणतेस. मला वाटायचं, पोरं लेबलावरून भांडली. लेबलावरून! एकाने तरी येऊन विचारलं का मला, आई, तुला काय वाटतं?"

मी वाकून फ्रिजखालचे दाणे गोळा करायला लागले. तुझ्याकडे उत्तर असेल तर लिहून पाठवू नकोस.

कारण तिने ठरवलंय. नमुन्यावर मी सही केली, बाजू होत्या तशाच राहतील. तुला चालत नसेल तर तिच्याशी भांड, मी मधे पडणार नाही. पुस्तिकेचं तिसरं पान मात्र थांबवून ठेवलंय. ते तिला हवंय. तुझा निर्णय नको, माझी चूक नको. ती सांगणार, तेच छापायचं. शनिवारी सकाळी बसायचं म्हणाली, आपण दोघं समोर हवेत, आणि मधे कुणी हुं की चूं करायचं नाही. पहिल्या वेळेपासून सांगणार आहे. आपण जन्मलोही नव्हतो तेव्हापासून.

शनिवारी ये. मालकांकडे मी रजा टाकलीय. तुझ्यावरचा माझा राग संपलेला नाही, तो आल्यावर सावकाश काढू. पण आई बोलायला लागली की तू माझ्या शेजारी असायला हवास. ते सगळं माझ्या एकटीच्याने ऐकवणार नाही, दादा.

धाकटी